खाटेशेजारची आई

येवल्याला परगावचा माणूस उतरतो तो बहुधा पैठणीसाठी. मीही त्याचसाठी उतरलो होतो. भाचीचे लग्न ठरले होते आणि ‘दुकानातून उचलून आणू नका, मागावरची बघून आणा’ असा सौभाग्यवतींचा हुकूम होता. मनमाडहून निघालेली एस. टी. भर दुपारी स्टँडवर येऊन थांबली. ओळखीच्या एका व्यापाऱ्याने वाट दाखवायला बरोबर पोऱ्या दिला आणि त्याने मला गल्लीबोळांतून एका विणकराच्या घरी नेऊन पोचवले.

घरात शिरताच दोन माग. एकावर घरधनी बसलेले. दुसऱ्यावर जुने धोतर पांघरलेले. मी गिऱ्हाइकाच्या आगाऊपणाने धोतराचे टोक उचलून पाहिले. खाली बांगडी मोराचा पदर होता. मोरांची अंगे विणून झाली होती. माना अजून व्हावयाच्या होत्या.

‘हा का थांबला?’ मी विचारले.

घरधन्यांनी मान वर केली नाही. आतल्या खोलीत कांड्या भरीत बसलेली त्यांची पत्नी म्हणाली, ‘तो माझा माग. पोराला घेऊन सदतीस दिवस दवाखान्यात होते, भाऊ. आता हात बसत नाही त्यावर.’

पैठणी बाजूला राहिली. पुढला तासभर मी जे ऐकले ते, त्यांची परवानगी घेऊन आणि नावगाव गाळून, येथे सांगतो आहे.

मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीतला. आठवीपासून सुटीच्या दिवशी बापाच्या शेजारी बसून जर उलगडून देणारा, संक्रांतीला गच्चीवरून खाली न उतरणारा. येवल्याच्या पतंगांची हौस ठाऊक असलेल्याला हे निराळे सांगावयास नको. गेल्या साली संक्रांतीला तो गच्चीवर गेलाच नाही. रात्र रात्र जागा राही. मग म्हणू लागला की शेजारच्या घरातून कोणीतरी माझे नाव घेते आहे. जेवण बंद, अंघोळ बंद, कॉलेज बंद. एके दिवशी त्याने आईच्या ताटात आधी स्वतः घास घेऊन पाहिला. कोणी विष घातले असेल म्हणून.

गल्लीने निदान केले : ‘बाहेरचे आहे.’ एका नातलगाने एक ठिकाण सुचवले. तिथे म्हणे खांबाला साखळीने बांधून ठेवतात आणि काही वाऱ्या झाल्या की उतरते. बाप मुलाला घेऊन तिथवर गेला. दारातून आत पाहिले आणि तसाच मागे फिरला. ‘साखळी माणसाच्या पायात बघवली नाही,’ एवढेच ते म्हणाले. त्या तासाभरात ते तेवढे एकच वाक्य बोलले.

बाप मागे फिरला हे किती मोठे काम झाले, ते त्याला कदाचित कळलेही नसेल. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडी येथे एका दर्ग्याजवळच्या खाजगी आश्रमाला आग लागली. आतले मनोरुग्ण साखळदंडांनी जखडलेले होते. पळता आले नाही. २८ माणसे गेली. साऱ्या देशाला तेव्हा हुंदका आला, चौकश्या झाल्या. आपल्या महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी पुण्यात खून झाल्यानंतर तो झाला, हे विसरता येत नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर मनोरुग्णाला कोठेही, कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास साफ मनाई केली.

ह्या २०१७ च्या कायद्याबद्दलच मला आज बोलावयाचे आहे. मी येवल्याहून परतलो तो डोक्यात ते सदतीस दिवस घेऊनच. कायदा मिळवला आणि वाचून काढला. वकील नसलेल्या माणसाने कायदा वाचणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून चालणे. तरी काही गोष्टी स्वच्छ दिसल्या.

आपल्याकडे वेडासंबंधीचे कायदे जुने आहेत. १८५८ चा पहिला, १९१२ चा दुसरा. दोन्ही इंग्रजांचे, आणि दोहोंचे लक्ष रोग्यापेक्षा त्याच्यापासून गावाचे रक्षण कसे करावे ह्याकडे अधिक. माजिस्ट्रेटचा हुकूम, उंच भिंत आणि मोठे फाटक. त्याच काळातली ठाण्याची, येरवड्याची, नागपूरची आणि रत्नागिरीची सरकारी मनोरुग्णालये. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राने ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला पाठवा’ असे म्हटले ते त्यामुळे. चारांतले एकही नाशिक जिल्ह्यात नाही. १९४६ साली भोर समितीने हिशेब मांडला होता, तेव्हा हिंदुस्थानात सुमारे चाळीस हजार माणसांमागे मनोरुग्णालयातली एक खाट होती आणि इंग्लंडात तीनशेंमागे एक. स्वातंत्र्यानंतर १९८७ चा कायदा आला, आणि त्याला मागे सारून २०१७ चा. तो २०१८ पासून अमलात आहे.

ह्या नव्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलासाठी स्वतंत्र कलम आहे, ८७ वे. ते वाचताना, खरे सांगतो, लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटला. मुलाला दाखल करावयाचे तर दोन तज्ज्ञांनी, त्यांतला एक तरी मनोविकारतज्ज्ञ, त्याला निरनिराळे तपासले पाहिजे. घरी राहून, बाहेरून उपचार घेऊन भागत नाही अशी दोघांचीही खात्री झाली पाहिजे. मुलाची स्वतःची इच्छा काय हेही विचारात घ्यावे. त्याला प्रौढ रोग्यांत ठेवावयाचे नाही. त्याच्या वयाला साजेल अशी वेगळी जागा द्यावयाची. दाखल केल्यापासून ७२ तासांच्या आत पुनर्विलोकन मंडळाला कळवायचे. मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर पुन्हा तत्काळ कळवायचे. मग मंडळाने सात दिवसांत आणि पुढे दर ३० दिवसांनी त्या मुलाचे प्रकरण तपासायचे. विजेच्या झटक्यांचा उपचार मुलांवर करू नये. करावयाचाच झाला तर पालकांची संमती आणि मंडळाची आगाऊ परवानगी, दोन्ही हवीत.

आणि ह्या सगळ्यांच्या मध्यभागी एक वाक्य आहे. मुलाचा प्रतिनिधी, म्हणजे बहुधा आई किंवा बाप, अथवा त्यांनी नेमलेले माणूस, मुलगा तेथे असेपर्यंत सर्व परिस्थितीत त्याच्याजवळ राहील. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल तर तिच्यासोबत बाईमाणूस राहील.

म्हणजे कायद्याने आईला खाटेशेजारी नेऊन बसवले. शंभर वर्षांपूर्वी फाटकाशी जिचा हात सोडवला जात असे तिला कायद्याने आत बोलावले. कायद्यात ‘आई’ हा शब्द नाही हे खरे. ‘सोबती’ असा अर्थ आहे. पण आपल्या घरांत महिनामहिना सोबत करणारे माणूस कोण असते, हे मला वाचकांना सांगावयास नको.

आता येवल्याच्या त्या घरी पुन्हा चला. मुलाला आधी नाशिकला दाखवले. ते सुमारे ऐंशी किलोमीटर. तेथून एका दूरच्या शहरातल्या रुग्णालयात दाखल करावे लागले. रुग्णालयाचे नाव मी देत नाही. तेथील डॉक्टरांबद्दल त्या माउलीने तक्रारीचा चकार शब्द काढला नाही. मोठ्या माणसांच्या दालनात शेवटची खाट, मध्ये एक हिरवा पडदा. तोच मुलाचा वेगळा विभाग. ती खाटेखाली सतरंजी टाकून झोपे. जेवणाचा डबा बाहेरून. पलीकडच्या खाटेवरचा एक प्रौढ रोगी रात्री ओरडे, आणि ज्याला आधीच कोणी हाक मारल्याचा भास होतो त्या पोराला ती खरीखुरी हाक ऐकू येई.

‘दोन आठवड्यांनी डोळे निवळले त्याचे,’ ती सांगत होती. ‘मला म्हणाला, आई, तू जेवलीस का? मी म्हटलं, आलं माझं पोर माघारी.’

पण इकडे येवल्यात दोन मागांपैकी एक बंद पडलेला. दुसरा निम्म्याने चालू, कारण कांड्या भरणारी, स्वयंपाक करणारी, धाकटीला शाळेत धाडणारी तीच. पैठणी महिना-महिना, भारी नक्षीची असेल तर कैक महिने मागावर असते. ती उतरेपर्यंत घर चालते ते व्यापाऱ्याच्या उचलीवर. उचल संपली. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस ठेवा. सदतिसाव्या दिवशी तिने मुलाला घरी आणले.

कायदा तिला अडवू शकत नव्हता. पालकाने सोडा म्हटले की मुलाला सोडलेच पाहिजे, हेही त्याच कलमात आहे. ती तरतूद शहाणी आहे. मुलांना डांबून ठेवणाऱ्यांपासून ती मुलांना वाचवते. पण त्या दिवशी मुलाला दवाखान्यातून बाहेर काढले ते आईच्या इच्छेने नव्हे, थांबलेल्या मागाने.

तीस दिवस उलटल्यावर मंडळाकडून कोणी आले होते का, असे मी विचारले. तिला मंडळ हा शब्द कळला तो गणपतीचा! कोणी आले नव्हते. एका कागदावर सही घेतली होती, एवढे आठवते. कायद्याप्रमाणे मंडळाने निदान कागदपत्र तरी तपासावे लागतात. तपासले असतील, मी नाही म्हणत नाही. राज्यात ही मंडळे नीट उभी राहावीत म्हणून मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी ह्यांना २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले होते, तेही बऱ्या झालेल्या बाईला वर्षानुवर्षे मनोरुग्णालयात राहावे लागल्याच्या प्रकरणावरून. कायदा संसदेत होतो आणि खुर्च्या-टेबले मागाहून कोर्टाच्या हुकमाने येतात, असा आपला रिवाजच दिसतो.

येथे कोणी म्हणेल, अशी मुले ती कितीशी? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या मुलांत ७.३ टक्क्यांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. ती पाहणी ज्या राज्यांत झाली त्यांत महाराष्ट्र नव्हता; पण आपली मुले काही निराळ्या मातीची नाहीत. त्या वयाच्या हजार मुलांची शाळा धरा : ७३ मुले. त्यांतल्या बहुतेकांना खाटेची गरज मुळीच पडत नाही. कोणीतरी शांतपणे ऐकून घेतले, वेळेवर डॉक्टर भेटला, गोळ्या चालू राहिल्या, की घरी राहूनच ती सुधारतात. दूरध्वनीवर १४४१६ हा क्रमांक फिरवला तर आज सरकारी समुपदेशक मराठीत बोलतो. ‘टेलिमानस’ नावाची ही सोय २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. वाचकहो, हा क्रमांक घरच्या भिंतीवर लिहून ठेवा. राहतात ती थोडी मुले, ज्यांना खाट लागतेच. ती थोडी आहेत म्हणूनच त्यांची सोय करणे अवघड नाही, आणि थोडी आहेत म्हणूनच ती विसरली जातात.

सरकारची सोय नसली की पोकळी कोण भरून काढते? अमेरिकेत पाहा. तेथे ‘वाया गेलेल्या’ मुलांना सुधारण्यासाठी खाजगी वसतिगृहे निघाली, अरण्यातल्या छावण्या निघाल्या. पालकांनी मोठाल्या रकमा भरल्या आणि काही ठिकाणी मुलांना कोंडले, बांधले, मारले गेले. लहानपणी हे सोसलेल्यांनी मोठेपणी आवाज उठवला. त्यांत पॅरिस हिल्टन ही सुप्रसिद्ध स्त्रीही होती. २०२४ च्या डिसेंबरात तेथे अशा संस्थांमधल्या मुलांच्या छळाविरुद्ध कायदा झाला. आपल्याकडेही गावोगाव ‘सुधार केंद्रा’च्या पाट्या दिसतात. पोराला रात्री गाडीत घालून नेणारी माणसे दिसतात. मुलाला कोठे ठेवण्यापूर्वी ती संस्था मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेली आहे का, एवढे तरी विचारावे. दारू वा गर्द ह्यांच्या व्यसनाचा आजारही ह्या कायद्याच्या व्याख्येत येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

चांगले करता येते, हेही आपल्याच राज्याने दाखवले आहे. १९८६ साली पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. डॉ. अनिता अवचट तेथल्या मनोविकारतज्ज्ञ, आणि बरोबर डॉ. अनिल अवचट. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे ह्यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली. दगडी भिंतींच्या त्या आवारात, जेथे लोक मान खाली घालून जात, तेथे व्यसनात सापडलेली तरणी पोरे गाणी म्हणत योगासने करू लागली. त्या उपचारात घरच्या माणसांना वेगळे बोलावून त्यांच्याशीही बोलतात. रोगी एकटा आजारी नसतो, हे तेथे फार लवकर ओळखले गेले.

मग येवल्याच्या मुलासाठी काय करावयाचे? त्याच कायद्यातले १८ वे कलम काढून पाहा. मनोरुग्णाला, त्यात बालकही आले, उपचारांसाठी लांबचा प्रवास करावा लागणार नाही अशी व्यवस्था शासनाने करावी. सेवा त्याच्या राहत्या ठिकाणाजवळ असावी. मुलांसाठी खास सेवा असाव्यात. जिल्ह्यात किमान सेवा सरकारने उभ्या केलेल्या नसतील तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र उपचार घ्यावेत आणि खर्च शासनाने सोसावा. हे शब्द माझे पदरचे नाहीत. कायद्याचे आहेत, मी फक्त सोपे केले.

आता दोन कलमे शेजारी ठेवा. ८७ वे आईला सांगते : तू मुलाजवळ राहा. १८ वे सरकारला सांगते : मुलाची खाट आईच्या गावाजवळ आण. आईने तिचे कलम सतरंजीवर झोपून पाळले. दुसरे कलम पाळणाराची अजून वाट पाहणे चालू आहे. आणि दुसरे पाळले नाही की पहिले, कितीही मायेने लिहिलेले असो, गरिबाच्या घरी दंडासारखे येऊन पडते.

अधिकाऱ्यांशी बोलावे तर ते पैशाकडे बोट दाखवतात. त्यांना मी त्यांच्याच घरातले एक उदाहरण देईन. पेठ-सुरगाण्याकडचे कुपोषित मूल सरकारी पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवतात तेव्हा त्याच्याबरोबर आईलाही ठेवून घेतात. तिला जेवण मिळते, आणि तेवढ्या दिवसांची बुडीत मजुरीही मिळते. कारण सरकारला अनुभवाने कळले, की मजुरी बुडाली की आई मूल उचलून घरी जाते आणि सगळा उपचार फुकट जातो. किती साधा, किती शहाणपणाचा विचार! मग शरीराने वाळलेल्या मुलाच्या आईला जी बुडीत मजुरी, ती मनाने आजारी पडलेल्या मुलाच्या आईला का नको? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या आखणीत जिल्हा रुग्णालयातला दहा खाटांचा कक्ष धरलेला आहेच. त्याला लागून मुलांच्या तीन-चार खाटांची वेगळी खोली, आणि खाटेशेजारी आईला एक पलंग, एवढे राज्याच्या अंदाजपत्रकाला जड जाईल असे मला वाटत नाही.

शहरातल्या आपल्यासारख्यांची गोष्ट थोडी निराळी. आपल्याला विमा असतो, आणि शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विम्याने संरक्षण द्यावे असे हाच कायदा म्हणतो. पण आपण तो मागतो का? पोर दवाखान्यात असते आणि आपण शेजाऱ्यांना कावीळ झाल्याचे सांगतो. थोरलीचे लग्न व्हायचे आहे म्हणून. माझ्या स्वतःच्या नात्यातल्या एका घराने दोन वर्षे ‘मामाकडे शिकायला ठेवला आहे’ असे सांगितले होते, आणि आम्ही सगळ्यांनी ते खरे मानण्याचे सोंग केले होते. येवल्याच्या त्या बाईने परक्या गिऱ्हाइकाला तासाभरात सगळे सांगून टाकले. तिच्याजवळ लपवायला आणखी एक खोली नव्हती, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही.

नवरात्रात मी पैठणी आणावयास पुन्हा गेलो. घरधन्यांनी मागावरून उतरवलेली साडी घडी घालून हाती दिली. दुसऱ्या मागावरचे धोतर निघाले होते. मोरांना माना आल्या होत्या. आतल्या खोलीत एक उंच, सडपातळ मुलगा कांड्या भरीत बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा कामाकडे वळला. आठवड्यातले तीन दिवस कॉलेजला जातो, गोळ्यांनी झोप फार येते, असे आईने हळूच सांगितले. मध्ये एकदा उचलीचे पैसे आले नाहीत तेव्हा दहा दिवस गोळ्या आणता आल्या नव्हत्या. तेव्हा पुन्हा रात्री जागू लागला होता. आता ठीक आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची. तो कागद देव्हाऱ्यात निरांजनाखाली ठेवलेला होता.

निघताना ती दारापर्यंत आली.

‘भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता म्हणून विचारते. नाशकात अशा पोरांसाठी वेगळी खोली होणार आहे का हो? म्हणजे परत ठेवायची वेळ आली तर सकाळी जाऊन हे रात्री घरी येतील. माग तरी चालू राहील.’

१८ वे कलम मला आता पाठ झाले होते. ते मी तिला जमेल तसे समजावून सांगितले. तिने सगळे नीट ऐकून घेतले, आणि मग विचारले, ‘म्हणजे होणार आहे की नाही?’